‘गणलेलं’ की ‘ओतलेलं’? धर्मशिक्षणाचे धडे लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

संडे स्कूल, दृढीकरणाचे वर्ग आणि पॅरिशमधलं धर्मशिक्षण यांसाठी मराठीत धडे तयार करणाऱ्या सर्व समित्यांस,

प्रभूमध्ये सलाम.

३१ ऑक्टोबर, म्हणजे धर्मसुधारणेचा स्मरणदिन, जवळ आला की प्रोटेस्टंट वर्गांत एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘कॅथलिक लोक कर्मांनी तारण मिळवू बघतात, आपण विश्वासाने तरतो.’ पॅरिशच्या वर्गात त्याला उत्तर तयार असतं: ‘त्यांना नुसता विश्वास पुरतो, मग माणूस कसाही वागो.’ दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. दोन्ही शिकवली जातात, म्हणून खरा मतभेद मुलांपर्यंत पोचतच नाही. हे पत्र लिहिणारे आम्ही दोन्हीकडचे आहोत. काही मिस्साला जाणारे, काही उपासनेला. देव माणसाला नीतिमान कसा ठरवतो याविषयी आमचं एकमत नाही, आणि ते झाल्याचं सोंगही आणायचं नाही. पण वाद घालायचाच तर नेमक्या मुद्द्यावर घालावा, आणि तो मुद्दा आपल्या धड्यांत कुठेच नीट मांडलेला नसतो.

मुद्दा असा आहे. पापी माणूस देवाच्या न्यायासनासमोर उभा आहे. देव त्याला नीतिमान ठरवतो. हे ख्रिस्ताच्या मरणामुळे घडतं, माणसाच्या लायकीमुळे नाही, इथपर्यंत रोम (कॅथलिक बाजू) आणि विटेनबर्ग (ल्यूथरचं गाव, म्हणजे प्रोटेस्टंट बाजू) एकत्र चालतात. तारण पावलेल्या माणसाला पवित्र आत्मा आतून बदलतो, हेही दोघांना मान्य आहे. प्रश्न फक्त एवढा उरतो: त्या निवाड्याच्या क्षणी ज्या नीतिमत्त्वावर देव निकाल देतो, ते नीतिमत्त्व असतं कुठे? ते ख्रिस्ताचं स्वतःचं, माझ्याबाहेरचं, आणि विश्वासाद्वारे माझं म्हणून गणलेलं आहे? की ख्रिस्ताने मिळवलेलं, पण आत्म्याने माझ्या अंतःकरणात ओतलेलं आणि आता खरोखर माझ्या आत असलेलं? सगळा वाद या एका जागेवर उभा आहे. विश्वास विरुद्ध कर्म हा झगडा त्याच्या बराच पुढे, परिणामांच्या यादीत येतो.

प्रोटेस्टंटांना उत्तर द्यायला भरलेल्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने आपलं उत्तर १३ जानेवारी १५४७ रोजी, सहाव्या सत्रात दिलं: १६ प्रकरणं आणि ३३ नियम. प्रोटेस्टंट धडे लिहिणाऱ्यांनी निदान पहिला नियम वाचावा. ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल, त्यालाच तिथे बहिष्कृत ठरवलं आहे. आठवं प्रकरण आणखी स्पष्ट आहे: नीतिमान ठरण्याआधी माणसाकडून जे काही घडतं, मग तो विश्वास असो वा कर्म, त्यातल्या कशानेही ही कृपा कमावता येत नाही. ‘कॅथलिक कर्मांनी तरतात’ हे वाक्य फळ्यावर लिहिण्याआधी या दोन ओळींचं काय करायचं ते ठरवावं लागेल.

खरी मेख सातव्या प्रकरणात आहे. तिथे ट्रेंटने कारणांची यादी दिली आहे. प्रयोजन: देवाचा आणि ख्रिस्ताचा गौरव, आणि सार्वकालिक जीवन. कर्ता: दयाळू देव. ज्याच्या पुण्याईने हे मिळतं तो: वधस्तंभावर दुःख सोसणारा येशू ख्रिस्त. साधन: स्नानसंस्कार. आणि शेवटी एकमेव आकारिक कारण, म्हणजे ज्याच्यामुळे नीतिमान माणूस नीतिमान ‘असतो’ ते: देवाचं नीतिमत्त्व; पण ज्याने देव स्वतः नीतिमान आहे ते नव्हे, तर ज्याने तो आपल्याला नीतिमान करतो ते. हे नीतिमत्त्व आत्मा प्रत्येकाला त्याच्या तयारीच्या आणि सहकार्याच्या मानाने वाटून देतो. ‘एकमेव’ हा शब्द तिथे सहज पडलेला नाही. तो का घातला हे कळण्यासाठी सहा वर्षं मागे जावं लागतं.

एप्रिल १५४१ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पुढाकाराने दोन्ही बाजूंचे विद्वान एकत्र बसले. प्रोटेस्टंटांकडून मेलांख्थोन, बुत्सर आणि पिस्टोरियस. पोपचा प्रतिनिधी म्हणून कार्डिनल कोंतारीनी. २ मे रोजी त्यांनी पाचव्या कलमावर, म्हणजे नेमक्या याच विषयावर, एकमत गाठलं. त्या कलमाचा सारांश असा की माणसात ओतलेलं नीतिमत्त्व खरं आहे आणि प्रीतीने कार्य करणारा जिवंत विश्वासच तारणारा आहे, पण थरथरणाऱ्या जिवाने टेकायचं ते गणलेल्या नीतिमत्त्वावर, ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर. तिथे हजर असलेल्या सुधारक कॅल्व्हिनने ११ मे रोजी आपला सहकारी फारेल याला पत्र लिहून कळवलं की समोरच्यांनी एवढं मान्य केलेलं पाहून तुला नवल वाटेल. नवल फार दिवस टिकलं नाही. ल्यूथरला ते ठिगळ जोडलेलं काम वाटलं, रोमनेही ते स्वीकारलं नाही, आणि बोलणी ख्रिस्तप्रसाद आणि चर्चचा अधिकार या विषयांवर येऊन मोडली. तरी हे कलम आपल्या दोन्हीकडच्या पुस्तकांत का नसावं? आम्हांला तर वाटतं की एखाद्या हुशार मुलीला हा वाद समजावून द्यायला याहून चांगला दस्तऐवज नाही. दोन्ही नीतिमत्त्वं एकाच पानावर आहेत, आणि दोघांनाही ते पान का पचलं नाही हे विचारता येतं.

ट्रेंटमध्ये हीच कल्पना ऑगस्टिनियन संघाचे प्रमुख सेरिपांदो यांनी पुन्हा मांडली. त्यांचं म्हणणं असं की माझ्यातलं नीतिमत्त्व अपुरं राहतं, म्हणून शेवटच्या न्यायासमोर ख्रिस्ताचं नीतिमत्त्व गणलं जाण्याचीही गरज आहे. २६ ऑक्टोबर १५४६ रोजी येशूसंघाचे दिएगो लाइनेस यांनी त्याविरुद्ध लांबलचक भाषण केलं. सेरिपांदोंच्या बाजूने थोडेच उरले, आणि अंतिम मसुद्यात ‘एकमेव’ आलं. दुहेरी नीतिमत्त्वाचं, म्हणजे ओतलेलं आणि गणलेलं दोन्ही धरण्याचं, दार तिथे बंद झालं. ल्यूथर हे पाहायला नव्हता. तो १८ फेब्रुवारी १५४६ रोजीच गेला होता.

अकरावा नियमही याच प्रकाशात शिकवावा. तो ‘गणणं’ हा विचारच धुडकावत नाही. कृपा आणि अंतःकरणात ओतलेली प्रीती वगळून ‘केवळ’ ख्रिस्ताचं नीतिमत्त्व गणल्याने किंवा ‘केवळ’ पापक्षमेने माणूस नीतिमान ठरतो, असं म्हणणाऱ्याला तो दोषी धरतो. कॅथलिक धड्यांत हा नियम उतरवताना ‘केवळ’ गळून पडलं, तर ट्रेंटने जे म्हटलंच नाही ते तिच्या तोंडी जातं.

आता पलीकडचं घर. सुधारणावादी माणसातल्या बदलाला नाकारतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरीतला (सतराव्या शतकातलं प्रेस्बिटेरियन शिकवणीचं पुस्तक) ७७वा प्रश्न काढावा. नीतिमान ठरवणं आणि पवित्रीकरण यांत फरक काय, असा तो प्रश्न आहे, आणि उत्तरात ‘ओतणे’ हे क्रियापद चक्क प्रोटेस्टंटांनीच वापरलं आहे. नीतिमान ठरवताना देव ख्रिस्ताचं नीतिमत्त्व गणतो. पवित्रीकरणात आत्मा कृपा ओततो. पहिल्यात पापाची क्षमा होते, दुसऱ्यात पाप ताब्यात आणलं जातं. पहिलं सर्व विश्वासणाऱ्यांना सारखंच आणि याच जन्मात पूर्ण मिळतं. दुसरं सगळ्यांत सारखं नसतं आणि इथे कुणातही पूर्ण होत नाही. म्हणजे ट्रेंट ज्याला एकच काम म्हणते, त्याचे वेस्टमिन्स्टर दोन भाग करतं. ओतण्याविषयी दोघांत भांडण नाही. निकाल त्या ओतलेल्यावर अवलंबून आहे का, यावर आहे.

हा एक सांधा कुठे बसवला यावर पुढचं बरंच काही फिरतं, आणि धड्यांमधली गडबड बहुतेक इथेच होते. नीतिमत्त्व माझ्या आत असेल तर ते वाढू शकतं (ट्रेंट, दहावं प्रकरण), प्राणघातक पापाने जाऊ शकतं, विश्वास शिल्लक असतानाही (पंधरावं), आणि पश्चात्ताप, पापनिवेदन, पापमुक्ती आणि प्रायश्चित्त या वाटेने परत मिळू शकतं (चौदावं). मग आपण कृपेत आहोत याची, जिच्यात चूक होऊच शकत नाही अशी, विश्वासाची खात्री कुणाला नसते (नववं). नीतिमत्त्व ख्रिस्तात असेल तर ते कमीजास्त होत नाही, आणि खात्री ही विश्वासाचाच भाग होते. हायडेलबर्गच्या प्रश्नोत्तरीचं, म्हणजे कॅल्व्हिनच्या वळणाच्या (रिफॉर्म्ड) मंडळ्यांच्या शिकवण-पुस्तिकेचं, ६०वं उत्तर म्हणूनच एवढं धीट आहे: माझा विवेक मला कितीही दोषी ठरवो, देव मला असं धरतो की जणू मी कधी पाप केलंच नाही आणि ख्रिस्ताने माझ्यासाठी पाळलेलं आज्ञापालन जणू मीच पाळलं. यात एक पोटभेद मात्र विसरू नये. खरा विश्वास कायमचा गमावता येत नाही, हे कॅल्व्हिनच्या वळणाचं मत आहे. ल्यूथरन मंडळ्या तसं म्हणत नाहीत. ऑग्सबर्गच्या कबुलीचं, म्हणजे ल्यूथरनांच्या मूळ विश्वासपत्राचं, बारावं कलम, एकदा नीतिमान ठरलेला माणूस पवित्र आत्मा गमावू शकत नाही या म्हणण्याचा निषेध करतं. ‘प्रोटेस्टंट शिकवण’ या एकाच मथळ्याखाली दोन्ही घालणं म्हणजे शिक्षकाचा आळस आहे.

काही चुका दोन्हीकडच्या वर्गांत ठरलेल्या असतात. त्यांतली सगळ्यात मोठी, आणि ती बहुधा प्रोटेस्टंट धड्यांत दिसते: देव आपला विश्वास हेच नीतिमत्त्व समजतो, असं शिकवणं. रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय वरवर वाचला की असं वाटतं खरं. पण मग विश्वास हेच एक सोपं कर्म होऊन बसतं: नियमशास्त्र जड होतं म्हणून देवाने हलकी अट घातली, असा अर्थ निघतो. वेस्टमिन्स्टरच्या कबुलीच्या अकराव्या प्रकरणाने हे नाव घेऊन नाकारलं आहे. विश्वासाची क्रिया नीतिमत्त्व म्हणून गणली जात नाही. विश्वास हे फक्त घेणारं साधन आहे. आणि तेच प्रकरण लगेच जोडतं की नीतिमान ठरवण्याचं हे एकमेव साधन त्या माणसात कधी एकटं नसतं, ते प्रीतीने कार्य करतं. ‘कसाही वागो’ म्हणणाऱ्यांना हे वाक्य दाखवावं.

दुसरी चूक हिशेबाच्या दाखल्यातली. पौलाची भाषाच खतावणीची आहे, म्हणून दाखला चांगला आहे, पण तो अर्धवट शिकवला जातो. पापक्षमा म्हणजे नावे बाजू कोरी झाली. शिल्लक शून्य. तेवढ्याने कुणी नीतिमान होत नाही, निर्दोष होतो. म्हणून ख्रिस्ताने सोसलेली शिक्षा आणि त्याने आयुष्यभर पाळलेलं आज्ञापालन हे दोन्ही आपल्या जमेस धरले जातात, असं बहुतेक रिफॉर्म्ड मंडळींनी मानलं. हेर्बोर्नचा रिफॉर्म्ड पंडित पिस्काटोर याला तयार नव्हता. त्याच्या मते क्षमेतच सगळं आलं. दाखला जिथे मोडतो ती जागाही मुलांना दाखवायला हवी: बँकेत कुणाचेही पैसे कुणाच्याही खात्यावर टाकता येतात, त्यासाठी दोघांची ओळख लागत नाही. इथे तसं नाही. ‘देव काळ्याला पांढरं म्हणतो, म्हणजे खोटं बोलतो’ हा जो आक्षेप कॅथलिक बाजूने येतो, तो याच अर्धवट दाखल्यावर बरोबर बसतो. आणि आक्षेप पोकळ नाही. दोषीला निर्दोष ठरवणाऱ्याचा परमेश्वराला वीट येतो, असं नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात आहेच. ल्यूथरने त्याचं उत्तर १५२० मध्येच लग्नाच्या चित्रातून दिलं होतं: विश्वासाच्या अंगठीने जीव आणि ख्रिस्त एक होतात, मग तिचं कर्ज त्याचं आणि त्याचं धन तिचं. कॅल्व्हिननेही ख्रिस्त आपल्याबाहेर राहतो तोवर त्याने केलेलं सगळं आपल्याला निरुपयोगी आहे, इथूनच सुरुवात केली. ख्रिस्ताशी जोडलं जाणं धड्यात आधी आणि गणणं मागून आलं, तर या आक्षेपाला तोंड देता येतं. उलट क्रमाने येत नाही.

पण जोडलं जाण्यावर भर देताना ल्यूथरन पंडित ओसियांडरची वाट धरू नये. क्योनिग्सबर्गला १५५० च्या सुमारास त्याने शिकवलं की ख्रिस्ताचा देवपणा आपल्यात वस्तीला येतो आणि तोच आपलं नीतिमत्त्व. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे ल्यूथरन गटही त्याच्यावर एकत्र तुटून पडले, कारण त्यात वधस्तंभावरचं आज्ञापालन बाजूला पडत होतं. १५७७ च्या एकमत-सूत्राचं (ल्यूथरनांचे आपसातले वाद मिटवणाऱ्या दस्तऐवजाचं) तिसरं कलम मुख्यतः त्याच्यासाठीच आहे.

तिसरी चूक याकोबाची. रोमकरांस ४ आणि याकोब २ एकासमोर एक ठेवून ‘पौल आपला, याकोब त्यांचा’ अशी वाटणी केली जाते. दोघेही अब्राहामाचंच उदाहरण घेतात, पण पौलाचा भर उत्पत्ती १५ वर आहे आणि याकोब २२व्या अध्यायापर्यंत, इसहाकाच्या वेदीपर्यंत जातो. ट्रेंटनेसुद्धा याकोबाचं ते वचन पहिल्यांदा नीतिमान ठरण्यासाठी वापरलेलं नाही. ते दहाव्या प्रकरणात, आधीच मिळालेलं नीतिमत्त्व वाढण्याच्या संदर्भात येतं. हे कळलं की निम्मं भांडण तिथेच संपतं, आणि उरलेलं निम्मं जास्त गंभीर होतं.

आणि कॅथलिक बाजूच्या लेखकांना एक विनंती: शेणाच्या ढिगाऱ्यावर पडलेल्या बर्फाचा तो दाखला काढून टाका. ल्यूथरच्या ग्रंथांत तो या रूपात दाखवता येत नाही, आणि त्याचं मतही त्यातून नीट येत नाही. १५१९ च्या प्रवचनात त्याने नीतिमत्त्वाचे दोन प्रकार सांगितले. एक परकं, बाहेरून मिळालेलं. दुसरं आपलं, पहिल्यातून उगवणारं आणि शेजाऱ्याच्या कामी येणारं.

हे सगळं युरोपचं, आपल्याला काय, असंही कुणी म्हणेल. पण आपल्या मंडळ्या याच कागदांवर उभ्या आहेत. वसई आणि गोव्याच्या पॅरिशना ट्रेंटचा वारसा पोर्तुगीज काळापासून आहे. अहमदनगरची अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी स्वायत्त मानणाऱ्या पंथाची, होती. तिच्यामागे इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनलांची १६५८ ची सॅव्हॉय घोषणा आहे, आणि त्यात ख्रिस्ताचं आज्ञापालन आणि मरण या दोहोंचं गणलं जाणं वेस्टमिन्स्टरपेक्षा उघड शब्दांत आहे. स्कॉटिश मिशनने वेस्टमिन्स्टर आणलं. अँग्लिकनांच्या ३९ कलमांतलं, याच विषयावरचं अकरावं कलम आहेच. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा यांतले बरेच प्रवाह एका घरात आले, पण या प्रश्नावर कोणाचं काय हे धड्यांत पुन्हा लिहिलं गेलं पाहिजे.

१९९९ चाही उल्लेख हवा. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला ऑग्सबर्ग इथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी नीतिमान ठरवण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या; २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक संघटना त्यात सामील झाली. ‘आता वाद मिटला’ आणि ‘सगळं विकून टाकलं’ ही दोन्ही मतं ती न वाचताच दिली जातात. घोषणेत ४४ परिच्छेद आहेत. २२ ते २४ मध्ये पापक्षमा आणि नवं केलं जाणं हे दोन्ही एकत्र धरले आहेत, आणि प्रत्येक बाजूचा जोर कशावर आहे तेही लिहिलं आहे. ४१वा म्हणतो की घोषणेत मांडलेल्या शिकवणीला सोळाव्या शतकातले दोषारोप लागू होत नाहीत. ते दोषारोप चुकीचे होते असं तो म्हणत नाही. नीतिमान ठरलेला माणूस पापीही राहतो का, या मुद्द्यावर रोमने १९९८ मध्ये अडचण काढली आणि त्यासाठी परिशिष्ट जोडावं लागलं. अमेरिकेतल्या मिसूरी सिनड या ल्यूथरन मंडळीने ही घोषणा मानलीच नाही. आणि ‘एकमेव आकारिक कारण’ या ट्रेंटच्या शब्दांचा प्रश्न घोषणेने सोडवलेला नाही, बाजूला ठेवला आहे, असं आमचं मत आहे.

म्हणून आमचं मागणं थोडकं आहे. पुढच्या आवृत्तीत दुसऱ्या बाजूची शिकवण सांगताना तिच्याच मूळ मजकुरातला उतारा द्या: कॅथलिक पुस्तकात वेस्टमिन्स्टरचा ७७वा प्रश्न किंवा हायडेलबर्गचा ६०वा, प्रोटेस्टंट पुस्तकात ट्रेंटचं सातवं आणि आठवं प्रकरण. छापायला जाण्याआधी तो धडा पलीकडच्या एका शिक्षकाला वाचायला द्या, आणि ‘हे आमचंच म्हणणं आहे’ असं तो म्हणेपर्यंत दुरुस्त करा. वर्ग नववी-दहावीचा असेल तर रेगेन्सबुर्गचं पाचवं कलम एका तासाला घ्या. आणि परीक्षेतला ‘कॅथलिक व प्रोटेस्टंट यांच्यातील फरक लिहा’ हा दोन गुणांचा प्रश्न काढून त्या जागी पाच गुणांचा हा घाला: ‘देव ज्या नीतिमत्त्वावरून माणसाला नीतिमान ठरवतो ते कुठे असते? दोन्ही उत्तरे लिहा, आणि प्रत्येक उत्तरामुळे खात्रीविषयीच्या शिकवणीत काय बदलते ते सांगा.’

आपले,
दोन्हीकडच्या मंडळ्यांत धर्मशिक्षण देणारे काही शिक्षक